त्यांचं निरंक, आमचं निरंक

डिसेंबर 2020. ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या होत्या. गोदीत काम पडलेलं नव्हतं म्हणून मी गावाकडं होतो. चुलतभावाची बायको राखीव जागेवर उभी राहणार होती. अर्ज ऑनलाइन भरायचा. वस्तीत कॉम्प्युटर कुठला? तालुक्याच्या गावी एका दुकानात रांग लावली. सर्व्हर बसलेला. दिवसभर बाया-माणसं कागदांच्या पिशव्या पोटाशी धरून पायरीवर बसून. आमचा नंबर लागला रात्री अकराला.

दुकानातलं पोरगं विचारीत होतं, टाइप करीत होतं. सोनं? वहिनीनं गळ्यातल्या काळ्या मण्यांना हात लावला. पोरग्यानं टाइप केलं, निरंक. वाहन? निरंक. शेतजमीन? निरंक. बँकेतल्या ठेवी? निरंक. शेअर, रोखे, विमा? निरंक, निरंक, निरंक. मग आलं, कर्ज? वहिनी पहिल्यांदा मोकळं बोलली, ''हाय की. बचत गटाचं हाय, भावाकडनं घेतलेलं हाय. लिही.'' अख्ख्या शपथपत्रात भरलेला रकाना तेवढा एकच.

आमच्या मागं वाळूच्या धंद्यातल्या एका बड्या धेंडाचं पोरगं होतं. रांगेत उभं राहून दमलेलं नव्हतं, नुकतंच आलं होतं. बाहेर गाडी इंजिन चालू ठेवून उभी. दुकानातल्या पोरग्यानं विचारलं, ''दादा, काय टाकू?'' दादा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, ''टाक निरंक.''

दोन्ही कागद एकाच प्रिंटरमधून निघाले. दोन्हींवर तोच शब्द, तोच टाइप, तीच शाई. एकाचं निरंक पिढ्यान्‌पिढ्यांच्या लुटीतून आलेलं. दुसऱ्याचं निरंक त्याच लुटीवर घातलेलं पांघरूण.

दोस्तांनो, या अंकाचं संपादकीय त्या एका शब्दाबद्दल आहे.

हे शपथपत्र प्रस्थापितांनी आपल्याला प्रेमानं दिलेलं नाही. 2 मे 2002 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घ्यायचा मतदाराला हक्क आहे. त्याबरोबर एरवी एकमेकांच्या नरडीला हात घालणारे पक्ष एका रांगेत आले. त्यांनी लोकप्रतिनिधित्व कायद्यात 33-ब हे कलम घुसडलं. न्यायालय काहीही म्हणो, कायद्यात लिहिलंय त्यापलीकडं उमेदवारानं काही सांगायची गरज नाही, असा त्याचा अर्थ. 13 मार्च 2003 ला न्यायालयानं ते कलम उचलून फेकलं. म्हणून आज खासदारापासून ग्रामपंचायत सदस्यापर्यंत प्रत्येकाला अर्जाबरोबर शपथेवर सांगावं लागतं, माझ्याकडं काय आहे आणि मी कुणाचं काय लागतो.

महाराष्ट्रात स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली आणि 1994 साली हा आयोग उभा राहिला. गेल्या दशकात त्यानं उमेदवारी अर्ज आणि शपथपत्र कॉम्प्युटरवर भरायची पद्धत आणली. निवडणूक खर्चासाठी ट्रू व्होटर नावाचं ॲप आणलं. 2020 च्या त्या निवडणुका 14,234 ग्रामपंचायतींच्या होत्या. शेवटच्या दिवसाच्या तोंडावर आयोगानं कागदावरचे अर्जही घ्यायला सांगितलं आणि वेळ संध्याकाळी साडेपाचपर्यंत वाढवली.

आम्ही कॉम्प्युटरच्या विरोधात नाही. हे आधीच ठणकावून सांगतो, नाहीतर उद्या कुणी पांढरपेशा म्हणेल की यांना प्रगती नको. कॉम्प्युटरला जात नसते. तलाठ्याच्या कपाटापेक्षा, बाबूच्या 'साहेब जेवायला गेलेत'पेक्षा आणि पाणी प्यायला वेगळा पेला ठेवणाऱ्या कचेरीपेक्षा यंत्र आम्हाला परवडतं. आमचा सवाल यंत्राला नाही. यंत्राच्या मागं कोण बसलंय, ते कुणाला तपासतं आणि कुणाला सलाम ठोकून सोडून देतं, हा आमचा सवाल आहे.

तपासणी कुणाची होते ते मोजू या.

राखीव जागेवर निवडून आलात, तर जात वैधता प्रमाणपत्र द्या. मुदतीत दिलं नाही तर पद गेलं. त्यासाठी 2001 चा कायदा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात समित्या आहेत, दक्षता पथकं आहेत. अनुसूचित जातीच्या माणसानं 10 ऑगस्ट 1950 च्या आधीपासूनचा पुरावा आणायचा. बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, आज्याचा प्रवेश-निर्गम उतारा. आमची वहिनी निवडून आली. बाईची जात बापाकडून सिद्ध करायची, म्हणून ती माहेरच्या तालुक्याला खेपा घालू लागली. तिचा आजा शाळेत गेलेलाच नव्हता. ज्यांनी त्याला शाळेच्या दारात उभं केलं नाही त्यांचीच व्यवस्था आता विचारीत होती, शाळेचा कागद कुठाय? शेवटी आज्याच्या धाकट्या भावाचं नाव एका जुन्या रजिस्टरात सापडलं. अकराव्या महिन्यात दाखला तिच्या हातात पडला. त्या अकरा महिन्यांत वाळूवाल्याच्या पोराला कुणी एक सवाल केला नाही.

पुढं मोजा. 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्मलेला असशील, तर ग्रामपंचायतीला उभं राहायला सातवी पास पाहिजे. सप्टेंबर 2001 नंतर पोरं झाली असतील, तर दोनच्या वर नकोत. घरात संडास पाहिजे, आणि तो नुसता असून भागत नाही, तू तो नियमित वापरतोस हेही कळलं पाहिजे. हरलास तरी तीस दिवसांत खर्चाचा हिशेब दे, नाहीतर पुढची निवडणूक लढवायला अपात्र. राज्याचा हात आमच्या आज्याच्या नावापर्यंत जातो, आमच्या बायकांच्या कुशीपर्यंत जातो, आमच्या संडासाच्या कडीपर्यंत जातो. फक्त एका ठिकाणी तो लुळा पडतो. बंगल्याच्या फाटकाशी.

कारण दौलत पडताळणी समिती नावाची चीज या राज्यात नाही. शपथपत्रात लिहिलेलं खरं की खोटं हे बघायचा अधिकार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला छाननीच्या वेळी नसतो. रकाने भरलेत का, सही आहे का, एवढंच तो बघतो. सप्टेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विधानसभा-लोकसभेच्या शपथपत्रांबद्दल सांगितलं की रकाना कोरा ठेवायचा नाही; काही नसेल तर निरंक लिहा, लागू नसेल तर लागू नाही लिहा. कोरा ठेवला तर अर्ज बाद होऊ शकतो. निकाल चांगला होता, हेतू चांगला होता. पण प्रस्थापितांच्या वकिलांनी त्यातून सोयीचा धडा घेतला. गप्प बसलात तर अडकाल, खोटं बोललात तर पास.

आता आमच्यावर उलटा आळ येईल की यांना जात पडताळणी नकोय. खोटं आहे ते. खोटे दाखले काढून आपल्या जागा लाटणारे या राज्यात कमी नाहीत. 2017 साली मुंबई महापालिकेत निवडून आलेल्या काही नगरसेवकांची पदं जातीचा दाखला अवैध ठरल्यामुळं गेली. ती पडताळणी आपल्या हक्काचं कुंपण आहे. ती राहिली पाहिजे, वेगानं झाली पाहिजे, गरिबाला खेपा न घालता झाली पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच की जी फूटपट्टी आमच्या जातीला लावता ती त्यांच्या दौलतीला लावा. तिथं का हात कापतात?

मी गोदीत काम करतो. कविता करतो, पण पोट गोदीवर चालतं. गोदीत माल मोजल्याशिवाय हलत नाही. जहाजातून स्लिंग खाली आली की टॅली क्लार्क खूण करतो. ट्रक काट्यावर चढतो, आधी रिकामा, मग भरलेला. कंटेनरच्या सीलचा नंबर कागदाशी जुळला नाही तर तो जागेवर थांबतो, मालक कितीही मोठा असो. आणि संध्याकाळी सुटताना गेटवर आमची झडती होते. डबा उघडा, पिशवी उलटी करा, हात वर. पाच रुपयांचा खिळा बाहेर जाऊ नये म्हणून. मालाची टॅली, माणसाची झडती. मग जो माणूस 74,427 कोटींचा कारभार चालवायला जातो, त्याला आत जाताना आणि बाहेर येताना काट्यावर का चढवत नाहीत? तो आकडा आहे मुंबई महापालिकेच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पाचा. काही राज्यांचं बजेट एवढं नसतं. त्यातून आपला नळ येतो, आपली गटार येते, आपल्या आयांच्या हातातला झाडू येतो, हातमोजे न येता.

काटा आहे, पण तो एकदाच लागतो. उमेदवार आत शिरताना. तेही वजन तो स्वतःच सांगतो. पाच वर्षं आत काय खाल्लं हे बाहेर येताना कुणी मोजत नाही. पुन्हा उभा राहिला तरच दुसरं शपथपत्र. नाही राहिला, बायकोला उभं केलं, सत्ता भोगून घरी बसला, तर हिशेब संपला. आणि शपथपत्रात येतात तो, त्याची बायको किंवा नवरा, आणि अवलंबून असलेली माणसं. थोरला भाऊ येत नाही, मेहुणा येत नाही, भाच्याची कंपनी येत नाही. आता सांगा, मुंबईतल्या गटारीचं कंत्राट कुठल्या नगरसेवकानं स्वतःच्या नावावर घेतलंय? 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात कलम आहे की पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक राहू शकत नाही. गोऱ्या साहेबाच्या काळापासून कायदा आहे. पण भाचा कायद्यात सापडत नाही.

आणि कॉम्प्युटरनं काय केलं? उमेदवार आकडे यंत्रात भरतो. मग त्याची प्रिंट निघते, सही-शिक्का होतो, कागद कचेरीत जातो. मतदाराच्या हाती येतं ते त्या कागदाचं चित्र. आत जाताना जो आकडा होता तो बाहेर येताना फोटो होतो. फोटोची बेरीज होत नाही. मागच्या वेळच्या फोटोशी आत्ताचा फोटो यंत्राला ताडता येत नाही. कंत्राटदारांच्या यादीशी जुळवता येत नाही. जिथं यंत्र आमच्या कामाचं झालं असतं, नेमकं तिथंच त्याचा पुन्हा कागद केला. रांगेत उभं राहायला आम्हाला डिजिटल, हिशेब द्यायला त्यांना कागदी. वा रे यांचं ई-गव्हर्नन्स!

न्यायालयांनी काहीच केलं नाही असं नाही. 5 फेब्रुवारी 2015 चा कृष्णमूर्ती खटल्याचा निकाल प्रत्येक कार्यकर्त्यानं लक्षात ठेवावा. तो कुठल्या मंत्र्याचा नव्हता, तामिळनाडूतल्या एका पंचायत अध्यक्षाचा होता. त्यानं 2006 च्या निवडणुकीत आपल्यावरचे खटले लपवले. न्यायालय म्हणालं, ही माहिती दडवणं म्हणजे मतदारावर गैरवाजवी दबाव, म्हणजे भ्रष्ट आचार, निवडणूक रद्द. 16 फेब्रुवारी 2018 ला लोकप्रहरी खटल्यात न्यायालयानं मालमत्तेबरोबर उत्पन्नाचा स्रोतही सांगायला लावला आणि लोकप्रतिनिधींची दौलत कशी फुगते यावर नजर ठेवणारी कायमची यंत्रणा हवी, असं सांगितलं. मग एप्रिल 2024 मध्ये अरुणाचलच्या एका आमदाराच्या खटल्यात तेच न्यायालय म्हणालं की प्रत्येक बारीकसारीक जंगम वस्तू सांगायची गरज नाही, उमेदवारालाही खासगीपणा आहे. भांडंकुंडं सांगू नका, आम्हालाही त्यात रस नाही. पण बारीकसारीक म्हणजे किती, हे ठरवणाऱ्याच्या खिशावर अवलंबून असतं. आमच्या वस्तीत एक जुनी मोटारसायकल ही सगळ्या घराची दौलत असते.

खासगीपणा! हा शब्द आता नीट ऐका, कारण पुढचा हल्ला याच शब्दातून होतोय.

2013 च्या लोकपाल कायद्यात 44 वं कलम होतं. सरकारी नोकरानं आपली, जोडीदाराची आणि अवलंबून पोरांची मालमत्ता जाहीर करावी, असं ते सांगत होतं. जुलै 2016 मध्ये संसदेनं ते घाईघाईनं बदललं. काय सांगायचं आणि कसं सांगायचं हे सरकार ठरवील, एवढंच उरलं. त्याआधी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गिरीश देशपांडे खटल्यात म्हटलं होतं की अधिकाऱ्याच्या मालमत्तेचा तपशील ही त्याची व्यक्तिगत माहिती आहे, व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाही. तरी जनहिताची एक खिडकी त्या कलमातच उघडी होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराच्या त्या कलमातली खिडकीच काढून टाकली. नोव्हेंबर 2025 मध्ये तो बदल लागू झाला. आता कचेरीत जा, माग. समोरचा म्हणेल, व्यक्तिगत माहिती आहे. व्यापक जनहितासाठी माहिती देता येते असं दुसरं कलम कायद्यात अजून आहे, ते तोंडपाठ करा. माहिती अधिकार कायदा, 2005. कलम 8, पोटकलम 2. पण ओझं आता आपल्या डोक्यावर टाकलंय.

रेशन कार्डासाठी आमच्या बोटांचे ठसे घेताना खासगीपणा आठवला नाही. आमच्या आज्याची जात रजिस्टरातून उकरताना आठवला नाही. आमच्या संडासाची चौकशी करताना आठवला नाही. साहेबाच्या फ्लॅटचा नंबर विचारला की लगेच घटना आठवते!

आपण ज्या ब्लॅक पँथरवरून पँथर हे नाव घेतलं, ती 1966 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात जन्मली. त्याच राज्यात 1974 च्या कायद्यापासून नगरसेवकाला निवडून आल्यावरही दरवर्षी एक फॉर्म भरावा लागतो. फॉर्म 700. कुठं पैसे गुंतवले, कुठं जमीन आहे, कुणाकडून उत्पन्न आलं, कुणी भेटवस्तू दिल्या. स्थानिक पदाधिकाऱ्यांसाठी तारीख 1 एप्रिल. तो आता कॉम्प्युटरवरून भरता येतो आणि कुणाही ऐऱ्यागैऱ्याला वाचता येतो. तेवढ्यानं तिथं रामराज्य आलं असं समजू नका. त्याच ओकलंडच्या माजी महापौरांवर जानेवारी 2025 मध्ये लाचखोरीचं आरोपपत्र आलं. त्यांनी गुन्हा नाकबूल केला. फॉर्म म्हणजे क्रांती नव्हे. फॉर्म म्हणजे नुसता कंदील. पण कंदील लावल्यावर कोण पळतं ते दिसतं. फ्लोरिडा राज्यात 2023 साली कायदा झाला की 1 जानेवारी 2024 पासून गावोगावच्या नगराध्यक्ष-नगरसेवकांनी आपली एकूण मत्ता कॉम्प्युटरवर जाहीर करायची. शंभरावर स्थानिक पदाधिकाऱ्यांनी राजीनामे फेकले. काहीजण कोर्टात गेले आणि जून 2024 मध्ये संघीय न्यायाधीशानं त्या कायद्याची अंमलबजावणी थांबवली. त्यातले सगळे चोर होते असं आम्ही म्हणत नाही. काहीजण बिनपगारी काम करणारेही होते. पण खुर्चीपेक्षा पडदा प्यारा मानणारे तिथंही एवढे निघाले.

लांब कशाला जायचं? शेजारच्या कर्नाटकात 1976 च्या महापालिका कायद्यात नगरसेवकानं दरवर्षी मालमत्तेचं विवरण द्यावं असं कलम आहे. आपल्याकडं आयएएस अधिकारी दरवर्षी 31 जानेवारीपर्यंत आपल्या स्थावर मालमत्तेचं विवरण ऑनलाइन भरतात. म्हणजे यंत्र आहे, पद्धत आहे, तारीख आहे. महाराष्ट्रातल्या नगरसेवकासाठी काय कमी आहे? इच्छा. आणि ती कमी का आहे, हे त्यांच्या मेहुण्याला विचारा.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी पालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये उडवायचा ठराव आला, तेव्हा सगळी सभा माना डोलवीत असताना एकट्या जोतीबांनी विरोधात मत दिलं. जोतीबा स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. एका दगडाची किंमत किती आणि बिलात किती लागते हे त्यांना ठाऊक होतं. हा आपला पहिला नगरसेवक. आणि 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरं. हिशेब ही आपली परंपरा आहे. भजन ही त्यांची.

आता कडू घोट.

मुंबई महापालिकेच्या 227 जागांपैकी 15 अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. 7 मार्च 2022 ला जुनी मुदत संपली, जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचं राज्य चाललं आणि जानेवारी 2026 मध्ये मतदान झालं. त्या 15 जागांवरचे आपलेच आहेत. निळा झेंडा लावून वस्तीत आले, आपल्या आयांनी ओवाळलं. त्यांची शपथपत्रं आपण वाचली का? नाही. परक्याचं शपथपत्र आपण दुर्बिणीतून बघतो आणि आपल्याच्याकडं बघायला लाज वाटते. समाजाची बदनामी होईल म्हणे! बदनामी होते ती आपल्याच माणसानं आपल्याच वस्तीच्या पुनर्विकासात बिल्डरच्या मांडीवर बसून टक्का घेतल्यानं. ते वाचून दाखवल्यानं नाही. जो प्रामाणिक आहे त्याच्यासाठी उघडा हिशेब ही ढाल आहे; उद्या खोटा आळ आला तर तो कागद फडकवू शकेल. जो दलाल आहे त्याला निळ्या झेंड्याखाली लपू देणं हा त्या झेंड्याचा अपमान आहे. झडती द्यायची तर आधी आपल्या घरापासून. मगच दुसऱ्याच्या दारावर लाथ मारायचा हक्क पोचतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, सरपंच, सगळ्यांनी निवडून आल्यावर दरवर्षी मालमत्ता आणि देणी जाहीर करावीत. मुदत संपल्यावर एकदा शेवटची. प्रशासक म्हणून कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्यांनीही. हे विवरण आकड्यांत द्यावं, मराठीत, वॉर्डवार, बेरीज-वजाबाकी करता येईल असं. कागदाचा फोटो नको. जात पडताळणीसारखी दौलत पडताळणी व्हावी. सगळ्यांची जमत नसेल तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून काहींची कसून. भाऊ, मेहुणा, भागीदार यांच्या कंपन्यांची नावं द्यावी लागावीत आणि ती पालिकेच्या कंत्राटदारांच्या यादीशी यंत्रानं जुळवावीत. आणि गरिबासाठी कागदाचा रस्ता कायम उघडा राहावा, प्रत्येक तालुक्यात फुकट अर्ज भरून देणारी खिडकी असावी. सर्व्हर बसला म्हणून कुणाची उमेदवारी बसता कामा नये.

मागण्या टपालानं पाठवून आपण घरी झोपणार नाही. प्रत्येक वस्तीत बुद्धविहाराबाहेर नाहीतर नाक्यावर फळा आहे. त्यावर आपण जयंतीची वर्गणी लिहितो, कुणी किती दिले, पाच रुपयेसुद्धा लिहितो. त्याच फळ्यावर आता नगरसेवकाचा हिशेब लिहायचा. दोन रकाने. 2017 चं शपथपत्र, 2026 चं शपथपत्र. जो दोन्ही वेळा उभा होता त्याचे दोन्ही आकडे, शेजारी शेजारी, त्याच्याच सहीचे. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही, शिवी घालायची नाही, आकडा पुरेसा आहे. घरचा पत्ता, पोरांची नावं, खात्याचे नंबर लिहायचे नाहीत. आपल्याला हिशेब पाहिजे, कुणाच्या घरात डोकवायचं नाही. वाढलेली दौलत म्हणजे चोरीच असं परस्पर ठरवायचं नाही. सवाल विचारायचा, कशी वाढली? जागा सोडायची उत्तरासाठी. उत्तर आलं तर तेही फळ्यावर लिहायचं. नाही आलं तर ती जागा कोरी ठेवायची. ज्यांनी आयुष्यभर निरंक लिहिलं त्यांना एकदा कोरी जागा काय असते ते कळू दे.

कॉलेजात जाणाऱ्या पोरांनो, पोरींनो, तुमच्या हातात मोबाइल आहे, त्यावर तुम्ही रात्र रात्र रील्स बघता. एक रात्र द्या. आपल्या वॉर्डाची शपथपत्रं उतरवा, आकडे वहीत घ्या, चुका तपासा, दुसऱ्याकडून तपासून घ्या. टॅली क्लार्कसारखं. खूण चुकली तर मालक नव्हे, आपणच अडकू.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी घटना समितीला बजावलं होतं की राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण शिरतो आहोत. ती लवकर मोडली नाही तर जे भोगतात तेच ही लोकशाहीची इमारत उडवतील. मत आपलं एक, त्यांचंही एक. निरंक आपलं एक, त्यांचंही एक. कागदावर ही समता आली आहे. आता त्या दोन निरंकांमधलं अंतर मोजायचं काम उरलं आहे.

वहिनी अजून त्याच घरात राहते. पाच वर्षं सदस्य होती. परवा फोनवर म्हणाली, ''पुन्हा कागद भरायला लावला तर भरीन. काय बदललं नाही बघ. कर्ज तेवढं फिटलं.''

तिच्या शपथपत्रावर आमचा विश्वास आहे. बाकीच्यांनी सिद्ध करावं.

जयभीम!